बाईसाहेबांचा डावा डोळा

थोरलीने आयुष्यात स्वतःसाठी म्हणून एकच गोष्ट घेतली होती, ती म्हणजे घोडी. बाकीचं सगळं तिच्या वाट्याला आपोआप आलं होतं. वडील गेल्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान, दुकानामागची अरुंद खोली, आईचं दुखणंखुपणं आणि कळायला लागल्यापासून 'तू मोठी ना' हे वाक्य. दिवसभर ती काचा घासायची, फ्रेमच्या काड्या गरम करून लोकांच्या कानांच्या मापाने वाकवायची, आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात खुर्चीवर गिऱ्हाईक बसवून "आता शेवटून दुसरी ओळ वाचा" म्हणायची. संध्याकाळी दुकानाला कुलूप लागलं, की सायकलवर टांग मारून थेट गावाबाहेरच्या तबेल्यात.

घोडी तांबूस रंगाची, अकरा वर्षांची. चालताना मान अशी ताठ धरायची, की तबेलेवाल्या काकांनी पहिल्याच दिवशी तिला 'बाईसाहेब' करून टाकलं आणि तेच नाव पडलं.

आता घोडी म्हटली, की बघणाऱ्याला बसावंसं वाटणारच. मावशीचा जावई येऊन बसला, पोत्यासारखा. खाली उतरेपर्यंत त्याने लगाम दोन्ही हातांनी आवळून धरला होता. शेजारचा बेकरीवाला बसला, त्याचे पाय रिकिबीत काही केल्या मावेनात. प्रत्येकाला फोटो हवा. थोरलीला हे मनापासून नको असायचं. तिच्या कपाळावर आठी दिसली, की आई म्हणायची, "अगं, चार पावलं फिरवून आणलं तर घोडी काय झिजणार आहे?" मग थोरली दोरी धरून निघायची. घोडीच्या डाव्या अंगाने, तिच्या मानेला हात लावून, काहीतरी पुटपुटत.

डाव्या अंगाने चालण्याला कारण होतं. आदल्या थंडीत खरारा करताना थोरलीच्या लक्षात आलं, की डावीकडून हात नेला तर घोडी पापणी लववत नाही. तिने कापसाचा बोळा डोळ्यासमोरून खाली सोडला. काही नाही. दुकानातली छोटी बॅटरी आणून मारली. उजव्या डोळ्याची बाहुली आवळली, डावी तशीच. डोळा वरून लख्ख होता, काचेसारखा, पण आतून विझला होता. माणसांचे असे डोळे थोरलीने पुष्कळ बघितले होते. तिला दुसऱ्यांदा बघायची गरज पडली नाही.

तिने हे कुणालाही सांगितलं नाही. काकांनी मागे एका घोड्याला दिसत नाही म्हटल्यावर आठ दिवसांत तबेल्याबाहेर काढलं होतं. "माझ्याकडे लोकांची पोरं शिकायला येतात, मला असलं जनावर नको," असं म्हणाले होते, आणि तो घोडा कुठे गेला हे नंतर कुणी विचारलंही नव्हतं. तेव्हा थोरलीने आपल्यापुरती वाट काढली. डावीकडे वळायच्या आधी ती मानेवर डाव्या बाजूला दोन बोटं ठेवायची. डावीकडून कुणी येत असेल, तर आधी स्वतः बोलायची, "येतंय हं कुणीतरी, बाईसाहेब." घोडी कान वळवायची आणि शांतपणे पुढे जायची. दोघींचं ते गुपित छान चाललं होतं.

मग धाकटीला घोडी हवीशी वाटली.

धाकटी पोहण्याच्या तलावावर शिकवायची. अंगाने वेताच्या छडीसारखी, तोंडाने गोड, आणि हवं ते मागताना तिला कधी संकोच म्हणून वाटला नाही. थोरलीचा लोकरीचा कोट तिने दोन दिवसांसाठी नेला, तो दोन हिवाळ्यांनी परत आला, बाहीला भोक घेऊन. थोरलीची पहिली सायकल तिने खांबावर घातली आणि घरी येऊन इतकी रडली, की थोरलीलाच तिची समजूत काढावी लागली. तिच्यावर रागावणं कुणालाच जमत नसे.

"ताई, मला एकदाच बसू दे ना. दोरीबिरी नको, एकटीला."

"तुला येतं का?"

"येईल की. त्यात काय एवढं!"

आणि आलं. तिथेच थोरलीच्या काळजात कळ उठली. तिला स्वतःला जे शिकायला चार वर्षं लागली, ते धाकटीच्या अंगात तीन रविवारांत उतरलं. कुंपणाच्या आतल्या गोल मैदानावर घोडी तिच्याखाली दुडक्या चालीने अशी निघायची, जणू तिचं वय कुणीतरी पाच वर्षांनी कमी केलं आहे. काका कुंपणाला टेकून बघत म्हणाले, "तुमच्याखाली चालते ती, बाई. हिच्याखाली नाचते."

थोरली हसली. घरी जाताना ती सायकलवर बसली नाही, हातात धरून चालतच गेली.

चौथ्या रविवारी धाकटीने मैदानाबाहेर जायचं ठरवलं. तबेल्यापासून कालव्यापर्यंत एक सरळ रस्ता होता. एका बाजूला गवत, दुसऱ्या बाजूला दगडी भिंत आणि भिंतीच्या कडेने पाणी वाहून जायला लोखंडी जाळीचं गटार. खोगीर आवळून झालं. धाकटी रिकिबीत पाय टाकून वर बसली, आयाळ सारखी केली आणि सहज म्हणाली,

"ताई, रस्त्यावर नेताना काही सांभाळायचं असतं का गं? हिला कशाची भीतीबिती?"

थोरली पट्टा तपासत होती. उत्तर द्यायला तिला जेवढा वेळ लागायला हवा होता, त्याच्यापेक्षा जास्त लागला. त्या वेळात तिच्या मनात जे आलं, ते एवढंच होतं, की एकदा आपटली की हौस फिटेल. गवतावर आपटेल. खरचटेल, रडेल, आई हळद-पाण्याची धावपळ करेल, आणि घोडी पुन्हा माझी होईल.

"कशाची नाही," ती म्हणाली. "शहाणी आहे ती."

धाकटी निघाली. थोरली फाटकाशी उभी राहून बघत होती. सकाळचं कोवळं ऊन होतं, रस्ता रिकामा होता, घोडीच्या टापा एका लयीत वाजत होत्या. मग गवतातल्या पायवाटेने एक सायकलवाला आला. घोडीच्या मागून, डावीकडून. सायकलीला आवाज नव्हता. थोरलीला तो लांबून दिसला. दोघांमध्ये चाळीस पावलांचं अंतर होतं, मग तीस, मग वीस. हाक मारली असती तर पोचली असती. धाकटीचे कान चांगले तिखट होते. थोरलीने तोंड उघडलंसुद्धा. हाक जिभेवर आली आणि तिने ती तिथेच धरून ठेवली.

सायकलवाल्याने अगदी जवळ येऊन घंटी वाजवली.

घोडीने उजवीकडे उडी घेतली, सगळ्या अंगाने, भिंतीवर. धाकटी भिंत आणि खोगीर यांच्यामध्ये सापडली. घोडीचा पुढचा पाय जाळीत गेला आणि ती कलंडली, धाकटीला खाली घेऊन. तेव्हा कुठे थोरलीच्या तोंडून किंकाळी फुटली. "बाईसाहेब!" अशी.

सायकलवाला रस्त्यात उभा राहून ज्याला त्याला सांगत होता, "मी घंटी वाजवली हो, मी घंटी वाजवली!" काकांनी त्याची कॉलर धरली. खाली पडलेली धाकटी, ओठ पांढरे पडलेले, म्हणाली, "सोडा त्यांना. मीच नीट धरलं नाही."

रुग्णवाहिका आली. धाकटीबरोबर काका गेले. थोरली गेली नाही. ती घोडीचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यात बसून राहिली. नंतर घरात सगळे म्हणाले, की बिचारी धक्क्याने जागची हललीच नाही.

जनावरांचे डॉक्टर आले. पाय बघून त्यांनी नुसती मान हलवली. डोक्याला मार लागलाय का बघायला म्हणून बॅटरी काढली, उजव्या डोळ्यात मारली, मग डाव्या डोळ्यात. डाव्या डोळ्यापाशी त्यांचा हात थांबला.

"हा डोळा आजचा गेलेला नाही," ते म्हणाले. "बरेच महिने झाले असतील."

"मला माहीत नव्हतं."

"तुम्ही काय करता?"

"चष्म्याचं दुकान आहे."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बॅग उघडून सुई भरली आणि म्हणाले, "मान घट्ट धरा."

थोरलीने मान धरली. घोडीचा श्वास तिच्या मनगटावर गरम लागत होता, आणि मग लागेनासा झाला. ती तोंडात पदर कोंबून रडली. त्याच सुजलेल्या डोळ्यांनी ती संध्याकाळी इस्पितळात गेली, तेव्हा मावशी आईच्या कानाशी म्हणाली, "बघ, बहिणीवर किती जीव आहे पोरीचा."

धाकटीचं कमरेचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, मांडीचं तीन ठिकाणी. पाय वाचला, पण दोन बोटं आखूड राहणार होता. पोहायला शिकवणं संपलं, असं इस्पितळातल्या डॉक्टरांनी आईला बाहेर नेऊन सांगितलं. धाकटीने शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न विचारला, तो पायाचा नव्हता.

"ताई, बाईसाहेब?"

"गेली."

धाकटी रडायला लागली. रडताना कंबर हलायची, कंबर हलली की कळ यायची, आणि कळ आली की ती आणखी रडायची. "मी मारली गं तुझी घोडी. तुझं एवढं एकच होतं, ते पण मी मोडून टाकलं. मला तू माफ कर ताई."

खोलीत आई होती, मावशी होती, काका दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते. सगळे थोरलीकडे बघत होते. सांगायचं असतं तर हीच वेळ होती, आणि थोरलीला ते कळत होतं. पण धाकटी उशीवरून तिच्याकडे बघत होती, खालून वर, भिकाऱ्यासारखी. असं तिने आजवर कधी बघितलं नव्हतं. थोरलीला ते आवडलं. आपल्याला ते आवडलंय, हेही तिला कळलं.

तिने धाकटीच्या केसांवरून हात फिरवला. "केलं माफ," ती म्हणाली. "पुन्हा विषय काढू नकोस."

आईने डोळ्यांना पदर लावला.

वर्षभराने धाकटी दुकानात बसायला लागली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. फ्रेमा लावून ठेवायची, काचांना चिठ्ठ्या डकवायची, गिऱ्हाइकांना पाणी द्यायची. थोरलीने घोडीचा लगाम घरी आणला होता. तो तिने दुकानात खिळ्याला अडकवला, धाकटीच्या स्टुलाच्या बरोबर समोर. "राहू दे आठवण," म्हणाली. कधी धाकटीचा हात चुकला, एखादी काच फुटली, की थोरली तोंडातून शब्द काढायची नाही. मान वर करून खिळ्याकडे बघायची आणि सुस्कारा सोडायची. तेवढ्याने काम व्हायचं. धाकटी खाली वाकून, आखूड पाय बाजूला काढून, तुकडे वेचायची. तलावावरचा एक सहकारी दोन-चारदा विचारपूस करायला आला. धाकटीने त्याला यायला नको म्हणून सांगितलं. "ताईला एकटी कशी टाकू?" असं ती आईला म्हणाली.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी जनावरांचे डॉक्टर दुकानात आले. त्यांना जवळचं दिसेनासं झालं होतं. धाकटीने त्यांना ओळखलं आणि तिचा चेहरा उतरला, मग तिने हसून खुर्ची पुढे केली. "या ना. त्या दिवशी तुम्ही होता म्हणून आमच्या घोडीचे हाल तरी झाले नाहीत."

डॉक्टरांनी तिच्या पायाकडे बघितलं, मग भिंतीवरच्या लगामाकडे.

आत, अंधाऱ्या कोपऱ्यात, थोरलीने त्यांच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली. पडद्यामागून फ्रेमा लावल्याचा बारीक आवाज येत होता.

"तिला सांगितलंत?" डॉक्टर हळूच म्हणाले.

थोरलीने एक काच बदलली. "आता कसं दिसतंय?"

"मी विचारतोय, सांगितलंत का?"

"नाही."

"मग मी सांगतो. जाता जाता सांगून जातो."

"सांगा," थोरली म्हणाली. तिचा आवाज हलला नाही, पण हातातली काच घसरून ट्रेमध्ये पडली. पुढच्या ओळी डॉक्टरांनी वाचल्या, त्या तिला ऐकू आल्या नाहीत.

डॉक्टर बाहेर आले. धाकटी फडक्याने काउंटर पुसत होती. ते तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी घसा खाकरला. "त्या अपघाताबद्दल तुम्हाला एक सांगायचं होतं..."

"माझीच चूक होती, मला माहीत आहे," धाकटी घाईने म्हणाली. "रस्त्यावर न्यायलाच नको होती. दुसरी कुणी असती तर तोंड बघितलं नसतं माझं. ताईने आजवर एका शब्दाने बोल लावला नाही. माझा सगळा आधार तोच आहे डॉक्टर, नाहीतर मी कधीच..." तिने वाक्य सोडून दिलं आणि डोळे पुसले, फडक्यानेच.

थोरली पडद्याला धरून उभी होती. डॉक्टरांनी खिशातला रुमाल काढून उगीचच हात पुसले.

"एवढंच, की ती लगेच गेली," ते शेवटी म्हणाले. "फार सोसावं लागलं नाही तिला. ते सांगायचं होतं."

धाकटीने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि आभार मानले. मग लंगडत जाऊन त्यांच्यासाठी दार उघडून धरलं. जाताना डॉक्टरांनी थोरलीकडे बघितलं नाही. चष्मा घ्यायलाही ते पुन्हा आले नाहीत. माणूस पाठवून नेला.

"किती भला माणूस आहे गं," धाकटी आत येत म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता.

"आहे," थोरली म्हणाली. ती खुर्चीवर टेकली. मग मान वर करून तिने दाराकडे बघितलं. "काचेवर बोटं उमटलीत बघ तुझी. पुसून टाक."

"हो ताई," म्हणून धाकटीने फडकं उचललं.