रोगाला मुदतवाढ

सरकारला पानवेलीच्या रोगाची काळजी वाटू लागली ती १९५३ साली. कुंभकोणमच्या आसपासच्या मळ्यांत वेली मुळाशी कुजत, पिवळ्या पडत आणि आठवड्याभरात माना टाकत. हे दुखणं शेतकऱ्यांच्या आज्यांनाही ठाऊक होतं, पण मद्रासच्या फायलीत ते पहिल्यांदाच शिरलं होतं. फाईल हलली आणि भांडी ठोकणाऱ्यांच्या गल्लीत, भाड्याच्या दोन खोल्यांत ‘पानवेल मर संशोधन योजना’ उघडली. तिला एक विशेष अधिकारी होता, एक हेडक्लार्क, एक टायपिस्ट, एक शिपाई आणि एक शास्त्रज्ञ. कामाबद्दल लिहायला चौघं आणि काम करायला एक, असा चोख बंदोबस्त होता.

तो एक म्हणजे जानकीराम. वय पंचवीस, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. तंजावरात मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा त्याचे पूर्वज इकडे आले. राज्य गेलं, माणसं राहिली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि डोळे मात्र सरकारी नोकरीकडे, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. नोकरी लागली तेव्हा आईने, मीनाक्षीबाईंनी, अख्ख्या गल्लीला गोड खाऊ घातलं. नेमणुकीच्या कागदावर ‘तात्पुरती’ हा शब्द होता, तो तिला कोणी वाचून दाखवला नाही.

वाचला तो तिरुविडैमरुदूरच्या हनुमंतरावांनी. ते निवृत्त सबरजिस्ट्रार. कागद वाचण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांची मुलगी पंकजा जानकीरामने एकदाच पाहिली होती. ‘मेलेल्या वेलीत तुम्ही काय पाहता?’ असं तिने त्याला विचारलं होतं, आणि उत्तर संपेपर्यंत ऐकूनही घेतलं होतं. त्याच्या कामाचं इतकं कोणीच कधी ऐकलं नव्हतं. तो तिथेच तिच्यावर जीव लावून बसला. हनुमंतराव मात्र म्हणाले, “मुलगा उत्तम हाय. नोकरी कायम होऊं द्या, मग मुहूर्त पाहूं.”

नोकरी कायम होण्याची अट सरळ होती. योजना तीन पावसाळ्यांची. तिसऱ्या पावसाळ्यानंतर मद्रासचे साहेब येऊन पाहणी करणार. रोग शिल्लक असला तर योजनेचं कायम खातं व्हायचं आणि तिच्यातली माणसंही कायम व्हायची. रोग गेला असला तर योजनेचं काम संपलं, आणि माणसांचंही. ही अट ज्याने लिहिली तो मोठ्या हुद्द्यावर गेला, असं म्हणतात.

जानकीरामला या अटीतली खोच कळायला दीड वर्ष लागलं. तो बिचारा रोज सकाळच्या गाडीने सुंदरपेरुमाळ कोयिल स्टेशनावर उतरायचा आणि रामलिंगच्या मळ्यात चिखल तुडवायचा. रामलिंग पन्नाशीचा, मितभाषी माणूस. त्याने आपले आठही वाफे सरकारच्या हवाली केले होते. सगळ्या गावाने त्याला वेड्यात काढलं, तरी त्याचं म्हणणं एकच, की शिकलेला मुलगा चिखलात उतरतोय, म्हणजे त्यात काहीतरी असणार.

आणि होतंच. पहिल्या पावसाळ्यात जानकीरामने नुसतं पाहिलं: पाणी साचेल तिथे कूज, आणि साचलेलं पाणी वाहील तिथे त्याच्या मागोमाग कूज. दुसऱ्या वर्षी, ऐप्पसीतला, म्हणजे आश्विन-कार्तिकातला, मोठा पाऊस सुरू होण्याआधी, त्याने चार वाफ्यांत खोल चर खणवले आणि वेलींच्या मुळाशी मोरचूद आणि चुन्याचं पाणी घातलं. उरलेले चार वाफे तुलनेसाठी जसेच्या तसे ठेवले. पाऊस ओसरला तेव्हा चरांचे चार वाफे हिरवेगार होते आणि तुलनेचे चार साफ झाले होते. जानकीराम बांधावर उभा राहून लहान मुलासारखा हसला. इतका आनंद त्याला एम.एस्सी. झाल्यावरही झाला नव्हता.

तसाच, चिखलाच्या पायांनी, तो विशेष अधिकारी कृष्णमूर्तींसमोर उभा राहिला. ते शांतपणे ऐकत राहिले. मग तमिळमध्ये म्हणाले, “आधी दार लाव.”

त्याने दार लावलं.

“हे आणखी कोणाला सांगितलंस?”

“अजून कोणालाच नाही, सार. आधी तुमच्याकडेच आलो. शेजारच्या गावांतही आता...”

“बस. केळीवरच्या योजनेतले नटेसन ठाऊक आहेत? नऊ वर्षं झाली, काही सापडलं नाही. मोठा चिकाटीचा शास्त्रज्ञ म्हणून मद्रासला त्यांचं नाव आहे. ऊसवाल्या मुलाला दोन वर्षांत सापडलं. तो आता शिकवण्या करतो.” कृष्णमूर्तींनी चष्मा पुसला. “एका वर्षाचा निकाल हा काही निकाल नव्हे. पुढच्या वर्षीही तोच प्रयोग, तेच वाफे. तुलनेचे चार वाफे तसेच राहतील. कुठलंही पुस्तक उघड, हेच लिहिलेलं असेल.”

आणि खरंच, तसंच लिहिलेलं होतं. त्यांच्या बोलण्यात एक अक्षर खोटं नव्हतं, हीच मोठी सोय होती. जानकीराम घरी येईपर्यंत त्याला हे शास्त्र पटलं होतं. पंकजाचा चेहरा मधून मधून आठवत होता, त्यामुळे जरा लवकरच पटलं.

आईला मात्र त्याने सगळं उलगडून सांगितलं.

“म्हणजे काय रे जानकी? तें झाडांचं दुखणें बरं झालं तर तुझी नोकरी जाते की काय?”

“हो.”

“आणि राहिलं तर कायम?”

“हो, आई.”

“मग राहूं दे की रे! झाडांस काय, आज हाय, उद्यां नाही.”

दुसऱ्या दिवशी त्या स्वामीमलैला गेल्या आणि आणखी एक वर्ष रोग टिकावा म्हणून देवाला नवस बोलल्या. त्याच देवाला रामलिंगही दर महिन्याला रोग जावा म्हणून साकडं घालत होता. देवाने दोन्ही अर्ज घेतले.

रामलिंगने साफ झालेल्या चार वाफ्यांत नवी लागवड केली आणि कुदळ घेऊन तो जानकीरामची वाट पाहत बसला.

“सार, इथेही चर खणू ना? चार दिवसांचं काम आहे.”

जानकीरामने कुदळीकडे पाहिलं. एक ‘हो’ म्हणायचा अवकाश होता.

“नको, रामलिंग. या वर्षी असेच राहू दे. तुलनेला लागतील.”

“मेल्या तर?”

“त्यावरूनच कळेल ना.”

“बरं,” म्हणाला रामलिंग आणि कुदळ खांद्यावर टाकून गेला. त्याने वाद घातला असता तर जानकीरामला बरं वाटलं असतं. विश्वास ठेवणाऱ्या माणसासमोर उभं राहणं त्याला त्या दिवशी फार जड गेलं.

तिसऱ्या वर्षी पाऊस असा कोसळला की तीन दिवस गाड्या बंद होत्या. चौथ्या दिवशी जानकीराम मळ्यात पोहोचला तेव्हा बांध फुटले होते, आणि तुलनेच्या चार वाफ्यांतलं कुजकं पाणी बाकीच्या चार वाफ्यांत भरलं होतं. पाण्याबरोबर कूज जाते हे त्याच्याच वहीत, त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. पंधरा दिवसांत आठही वाफे गेले. हिरव्या वेली पिवळ्या पडताना तो रोज पाहत होता आणि रोज त्याला आपल्या तोंडात मारून घ्यावंसं वाटत होतं.

मद्रासचे साहेब पाहणीला आले. मेलेल्या वेली पाहून त्यांनी फार गंभीर चेहरा केला. कृष्णमूर्तींचा अहवाल त्यांना आवडला: ‘उपचारित व अनुपचारित वाफ्यांत अखेरीस फरक आढळला नाही. रोग अपेक्षेपेक्षा चिवट आहे. दीर्घ संशोधन आवश्यक.’ खाली शास्त्रज्ञाची सही होती. सही करताना जानकीराम आपल्या नावाच्या मधोमध थांबला. टायपिस्टला वाटलं, पेन खराब आहे.

महिन्याभरात योजनेचं कायम खातं झालं. नेमणुकीचा नवा कागद हनुमंतरावांनी दोनदा वाचला, उजेडात धरून शिक्का पाहिला आणि मुहूर्त काढला.

लग्नाला रामलिंग आला. नेसायला धुतलेली वेष्टी, आणि हातात केळीच्या सोपटात बांधलेली पानांची मोठी जुडी. पानं कोवळी, सुरेख होती. पंकजाने जुडी हातात घेऊन तमिळमध्ये कौतुकाने विचारलं, “तुमच्या मळ्यातली?”

“नाही अम्मा. चोळपुरमहून विकत आणली. माझा मळा मी उपटून टाकला. केळी लावल्यात आता.” मग म्हणाला, “सारच्या लग्नात दुसऱ्याची पानं द्यावी लागली, तेवढं मनाला लागलं.”

जानकीराम खाली पाहत होता. शेजारी कृष्णमूर्ती उभे होते, सासरे उभे होते.

“सार,” रामलिंगने हळूच विचारलं, “औषध मिळालं का हो काही?”

“अजून... संशोधन चालू आहे.”

“मिळेल,” रामलिंगने त्याला धीर दिला. “तुम्ही तरुण आहात. आणि आता तर नोकरीही कायम झाली.” असं म्हणून, वयाने मोठा होता म्हणून, त्याने जानकीरामच्या डोक्यावर अक्षता टाकल्या.