हेमसिंगचा व्हॉल्व्हवाला अ‍ॅम्प्लिफायर

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. गिटारचा बारीक आवाज मोठा करून शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचवायचा, हे माझं काम. आजच्या यंत्रांच्या पोटात नखाएवढ्या चिप असतात. माझ्या पोटात काचेचे व्हॉल्व्ह आहेत. बटण दाबलं की ते हळूहळू तापतात, आतली तार केशरी दिसू लागते आणि मग माझा आवाज फुटतो.

माझा जन्म अकोल्याचा. नानाजी नावाच्या रेडिओ मेकॅनिकने सागवानी फळ्यांची पेटी केली, आत लोखंडी पत्र्यावर ट्रान्सफॉर्मर बसवला आणि पंधरा दिवस खपून मला उभं केलं. मला घेऊन गेला हेमसिंग. किन्हीराजाजवळच्या बंजारा तांड्यावरचा हा तरणा गडी वाशिमच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. केनवडच्या बाजाराच्या पटांगणात, धनजच्या लग्नमांडवात, कुठे कुठे आम्ही गेलो! रस्ता खराब असला की हेमसिंग माझे व्हॉल्व्ह काढून धोतराच्या फडक्यात गुंडाळायचा आणि स्वतःच्या मांडीवर धरून बसायचा. कार्यक्रम रंगला की लोक म्हणायचे, “हेमसिंगचा डबा बोलते राजेहो!” मला फार अभिमान वाटायचा.

पुढे डीजे आले, ऑर्केस्ट्रा मोडला. मी घराच्या कोपऱ्यात गेलो. माझ्यावर गोधड्यांची चळत आली. हेमसिंग शेतात राबू लागला, पण वर्षा-दोन वर्षांनी मला उघडून कुंचल्याने धूळ झाडायचा, जीर्ण झालेला एखादा भाग बदलायचा, माझ्याशी दोन शब्द बोलायचा.

मागच्या हिवाळ्यात हेमसिंगला लकवा मारला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. तो खाटेवर पडून माझ्याकडे बघत राहायचा. मी त्याच्याकडे. दोघांनाही बोलता येत नव्हतं.

त्याची धाकटी लेक निता. तिने वाशिमच्या आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स केला आहे. किन्हीराजाला तिचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. बापाची नजर कुठे जाते हे तिने हेरलं. एका दुपारी तिने गोधड्या उतरवल्या.

“याडी, मी हे चालू करतो. बापूले आवाज ऐकू आला तं बरं वाटन,” ती आईला म्हणाली. तांड्यावर आईला याडी म्हणतात.

तिची आई मोतीबाई म्हणाली, “कर बाई. पण सांभाळून.”

माझे जुने व्हॉल्व्ह थकले होते. निताने नवे मागवले, बसवले आणि बटण दाबलं. इथेच चूक झाली. मित्रांनो, प्रत्येक व्हॉल्व्हला एक लगाम लागतो. त्याला बायस म्हणतात. थकलेल्या व्हॉल्व्हसाठी हेमसिंगने तो सैल सोडला होता. नव्या दमाच्या व्हॉल्व्हना तो पुरेना. ते भरमसाट वीज ओढू लागले. त्यांच्या आतले काळे पत्रे लालभडक झाले. मला जळल्यासारखं होत होतं, पण मी फक्त गुरगुरू शकत होतो. निताने चटकन प्लग ओढला. नवे व्हॉल्व्ह थोडक्यात वाचले.

तिने हार मानली नाही. फोनवर व्हिडिओ बघितले, बायस काय असतो हे समजून घेतलं, वहीत आकृती काढली. दोन दिवसांनी मला अंगणातल्या सावलीत टेबलावर उलटं ठेवलं. हेमसिंगची खाट शेजारीच होती. तिने ते नवे व्हॉल्व्ह काढले, मला चालू करून मीटरने व्होल्टेज मोजलं आणि प्लग काढला. प्लग काढल्यावर उरलेली वीज फार तर चिमटा काढेल, असं तिला वाटलं. पंख्यातल्या, वीज साठवणाऱ्या कंडेन्सरचे झटके तिने हसत सोसले होते. पण माझा कंडेन्सर त्याहून कितीतरी मोठा. त्यात चारशे व्होल्ट साठलेले होते, आणि व्हॉल्व्हच जागेवर नसल्यामुळे ते ओसरायला वाटही नव्हती.

मला हे माहीत होतं. हेमसिंगलाही माहीत होतं.

हेमसिंग घशातून “अं... अं...” करू लागला. डावा हात उचलून तो पाठीमागे नेत होता. पुन्हा पुढे आणत होता, पुन्हा मागे नेत होता.

“काय पायजे? पाठ खाजून राह्यली काय?” मोतीबाईने त्याला कुशीवर वळवलं आणि पाठ खाजवून दिली. त्याचं तोंड भिंतीकडे झालं.

निताचा एक हात माझ्या पत्र्यावर होता. दुसऱ्या हाताचं बोट आत गेलं.

मोठा आवाज झाला. निता मागे फेकली गेली. मीटर खाली पडला. क्षणभर ती हललीच नाही. मोतीबाईने हंबरडा फोडला. मग निता खोकली, उठून बसली. बोटाचं टोक काळं पडलं होतं.

“जीव घेतला असता यानं माह्या लेकीचा!” मोतीबाई ओरडली. “हा डबा मले घरात नाई पायजे!”

मित्रांनो, तिचं काहीच चुकलं नव्हतं. ज्या मुलीचं रांगणं मी पाहिलं, तिलाच माझ्यातून विजेचा झटका बसला. मला तो अडवता आला नाही. मला ढोरांच्या गोठ्यात टाकलं. तिथे मी तीन आठवडे कडब्याच्या धुळीत पडून होतो. तिचं बोट बरं झालं की नाही, हे विचारायचीही मला सोय नव्हती.

एके सकाळी निता गोठ्यात आली. बोटाला पट्टी होती. तिने आयटीआयच्या गोपीचंद सरांना फोन लावला होता. सरांचा आवाज मला ऐकू येत होता.

“एकटीनं काहून उघडलं? आधी मले विचारायचं ना!”

“चुकलं सर.”

“आता ऐक. पहिले बल्ब लावून कंडेन्सर रिकामा करजो. मीटरवर शून्य दिसल्याशिवाय बोट घालू नको. अन् मी येतो रविवारी. तोवर हात लावू नको त्याले.”

रविवारी सर आले. मोतीबाई दारात उभी राहिली, पण आडवी आली नाही. मला पुन्हा अंगणातल्या टेबलावर, हेमसिंगच्या खाटेशेजारी ठेवलं. निताने मला क्षणभर चालू करून प्लग काढला आणि दोन वायरींचा बल्ब कंडेन्सरला लावला. बल्ब लखकन पेटला आणि विझत गेला. मीटरवर शून्य आलं. मग तिने व्हॉल्व्ह बसवले, मीटरच्या वायरी चिमट्यांनी जोडल्या. आता मला चालू ठेवूनच बायसचा स्क्रू फिरवायचा होता. तिने एका हातात पेचकस घेतला आणि दुसऱ्या हाताने माझा पत्रा धरायला गेली.

“अं... अं...” हेमसिंगचा डावा हात पुन्हा पाठीमागे.

मोतीबाई त्याला वळवायला पुढे झाली. निता म्हणाली, “थांब याडी. हात नको लावू त्याले.” ती बापाकडे बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली. मग तिने आपला मोकळा हात हळूच पाठीमागे नेला. “असा ठेवू, बापू? मांगं?”

हेमसिंगने मान हलवली. त्याचे डोळे भरून आले.

गोपीचंद सर हळूच म्हणाले, “बरोबर सांगून राह्यला तो. दोन्ही हात लागले तं वीज छातीतून जाते. एक हात मांगंच पायजे. त्या दिवशी बी हेच सांगत असन.”

मोतीबाई हेमसिंगच्या खाटेशी येऊन बसली. “अन् म्या पाठ खाजवली,” ती म्हणाली.

निताने एक हात पाठीशी धरून स्क्रू फिरवला. मीटरवर साठ मिलिअँपिअर होते. पन्नास झाले. चाळीस झाले. पस्तिसावर ती थांबली. दुसऱ्या व्हॉल्व्हवर अडतीस आले. सर म्हणाले, थोडा फरक चालतो. व्हॉल्व्हमधले पत्रे काळेच राहिले. माझ्यातून हलकी घरघर निघाली, आणि इतक्या वर्षांनी मला मोकळा श्वास घेतल्यासारखं झालं.

तिने गिटार बापाच्या मांडीवर आडवी ठेवली. त्याने डाव्या अंगठ्याने एक तार छेडली. मी तो स्वर अंगणभर पोचवला. गाणं काही झालं नाही. हेमसिंगचा उजवा हात तसाच लटकत होता आणि मला तो उचलून देता येत नव्हता. त्याची वाचाही अजून आलेली नाही. मी फक्त त्याने छेडलेली तार मोठी करू शकतो.

मित्रांनो, माझ्यासारखं जुनं यंत्र घरात सापडलं तर ते फेकू नका, पण एकट्याने उघडूही नका. जाणत्या माणसाला शेजारी बसवा. आणि ज्याला बोलता येत नाही असं कुणी घरात असेल, तर त्याच्यापाशी जरा जास्त वेळ थांबा. त्याला सांगायचं असतं. फक्त सांगायला वेळ लागतो.