खुराड्यासकट धावलो

मित्रांनो, मी अमेरिकेत, मोंटानातल्या एका गुरांच्या रँचवरचं जुनं डिझेल इंजिन आहे. राहतो एका थोराड पिकअपच्या पोटात. आवाज असा, की टेकडीपलीकडच्या गाई मला उत्तर देतात.

कारखान्यात पहिल्यांदा धडधडलो तेव्हा वाटलं, आपल्याला जहाजावर नेणार. नेलं हार्लन स्कोगेनने, शेणाच्या वासात. पण काय दिवस होते ते! बैल ओढले, गवताचे भारे ओढले, एकदा चर्चची घंटाही ओढली. हार्लन बॉनेटवर थाप मारून म्हणायचा, "हा मेला तर मी पायी फिरेन."

मग त्याने नवा चकचकीत पिकअप घेतला आणि मला कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी उभं केलं. तेव्हापासून मी कोंबड्यांची मतं ऐकतो.

आमच्याकडे हिवाळ्यात इंजिनाला रात्रभर विजेची ऊब देतात. "नव्याला कशाला?" असं हार्लनचं मत. म्हातारा म्हणून मला मात्र मिळायची. वायर वाऱ्याने सुटू नये म्हणून ती त्याने एकीकडे माझ्या बंपरला आणि दुसरीकडे खुराड्याच्या खांबाला दुहेरी गाठ मारून बांधली होती.

एका सकाळी थुंकीसुद्धा हवेतच गोठून जमिनीवर पडताना वाजत होती आणि नेमकी डेझी गाय अडली. वासरू आडवं आलं होतं. डॉक्टरांकडे न्यायला तिला ट्रेलरमध्ये चढवलं, तर नव्याच्या पोटातलं डिझेल तुपासारखं थिजलेलं.

"तुझा नवरदेव रुसला," हार्लनची बायको वर्ना म्हणाली. "म्हाताऱ्याला विचार."

"तो उठेल?"

"तू उठतोस ना रोज?"

ट्रेलर मला जोडला. किल्ली फिरली. मी खोकलो, काळा ढग सोडला आणि असा सुटलो, की रस्त्याला धाप लागली!

गुरांच्या डॉक्टर आयडेला दवाखान्याच्या दारातच उभ्या होत्या.

"गाय समजली, हार्लन. खुराडं कशाला आणलंस?"

हार्लनने वळून पाहिलं. घाईत वायर सोडायचीच राहिली होती. उन्हाळ्यात जागा बदलता यावी म्हणून खुराडं लाकडी घसरपट्ट्यांवर बसवलेलं; ते बर्फावरून सबंध वाट घसरत आलं होतं. तिन्ही कोंबड्या खिडकीत गप्प बसल्या होत्या.

"गाठ मात्र पक्की आहे," हार्लन म्हणाला.

डेझी वाचली, वासरूही वाचलं. एका कोंबडीने वाटेत अंडं घातलं होतं. ते डॉक्टरांनी ठेवून घेतलं.

मित्रांनो, जुन्या इंजिनाला ऊब द्या, तेल पाजा, अधूनमधून किल्ली फिरवा. आणि निघताना वायर सोडा. हार्लन आता आठवणीने सोडतो. कोंबड्यांचा मात्र त्याच्यावर भरवसा नाही. त्याने किल्ली हातात घेतली, की तिघी आत जाऊन एकमेकींना घट्ट टेकून बसतात.