कुठी पाठवलं?

गोकुळाने पारड्यात आणखी एक मूठ सुके झिंगे टाकले. पारडं पार खाली गेलं तरी तिने हात आखडला नाही. समोर उभा असलेला पत्रू हसायला लागला. तो मिशनची जीप चालवायचा, आणि गोकुळा कोणाला एक झिंगा जास्त देईल यावर त्याचा विश्वास नव्हता.

"बाई, किलोभरच मांगतले होते."

"राहू द्या भाऊ. कोणासाठी नेऊन राह्यले?"

"फादरसाठी."

मोठे फादर मासोळीला शिवत नसत, हे गोकुळाला ठाऊक होतं. मिशनमध्ये झिंग्यांची चटणी मिटक्या मारत खाणारा माणूस एकच, छोटे फादर. आणि दिवाळीनंतर एका सकाळी तो मिशन सोडून गेला होता. आता होळी आली होती. एवढे दिवस गोकुळा जो भेटेल त्याला एकच विचारत होती, आणि जो तो मान दुसरीकडे फिरवत होता. पत्रू तेव्हा महिनाभर सासुरवाडीला होता, काय झालं ते त्याच्या कानावर नव्हतं, आणि त्याला विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

"छोटे फादर बरे हायेत ना?" तिने विचारलं.

"मजेत हायेत. तिकडं असे झिंगे भेटत नाई म्हणते."

"तिकडं म्हंजे कुठी?"

गाडीवाल्याला रस्ता विचारला की त्याचं तोंड थांबत नाही. आलापल्लीच्याही पलीकडे, म्हणाला. आधी सागवान लागते, मग कच्चा रस्ता, मग तीन नाले, पावसाळ्यात तर गाडी जातच नाही. त्याने गावाचं नावही सांगितलं. गोकुळाने ते मनात तीनदा घोळवलं.

"तिथी शाळा असन?"

"शाळा हाये, होस्टेल हाये. एकोणीस पोरी राह्यतात."

गोकुळाने पुडक्याला सुतळीची गाठ मारली. ती सुटली. तिने पुन्हा मारली.

तिची आचल अकरा वर्षांची. तळ्यावर मासे धरणाऱ्या ढिवराची पोर चार बुकं शिकेल म्हणून मिशनच्या होस्टेलात ठेवली होती. दिवाळीला घरी आली ती परत जाईचना. खूप खोदून विचारल्यावर तळ्याच्या पाळीवर बसून तिने सांगितलं, छोटे फादर रात्रीच्या प्रार्थनेनंतर तिला खोलीत बोलवायचे. पुढचंही सांगितलं. गोकुळा तशीच उठून मोठ्या फादरकडे गेली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, हे काही खोटं नाही. चार दिवसांनी त्यांनी तिला बोलावून घेतलं.

"बाई, त्यांना इथून हलवलं आहे. आता शांत व्हा. मुलीच्या नावाचाही विचार करा."

"कुठी पाठवलं?"

"ते चर्चचं अंतर्गत काम आहे."

अंतर्गत म्हणजे काय, हे तिने गावच्या मास्तरला विचारलं. आतलं, तो म्हणाला. गोकुळाचं डोकं फिरलं. घरात साप निघाला आणि कुंपणाखालून शेजारी गेला, तर माणूस बोंबलून सांगतो की आतलं काम म्हणून गप बसतो? ती नवऱ्याला, सोमाजीला, घेऊन ठाण्यातही गेली. जमादार म्हणाला, पोरीला घेऊन या, चार लोकांसमोर सांगावं लागेल. सोमाजी पायरीवरूनच मागे फिरला. "गेला ना तो? ब्याद टळली," म्हणाला.

आचल मात्र अधूनमधून विचारायची, "आई, तो गेला तिथी पोरी हायेत काय?" त्याचं उत्तर गोकुळाला आज मिळालं होतं.

पत्रू गेल्यावर तिने टोपली काढली.

"उद्या मी आलापल्लीकडं जाऊन राह्यली," ती सोमाजीला म्हणाली. "त्या गावच्या लोकायले सांगाले."

"पागल झाली काय? पोरीचं नाव निघन."

आचल दारात उभी होती. ती म्हणाली, "निघू दे ना बाबा. मी काय केलं?"

सोमाजीने तोंडावरून हात फिरवला. मग उठला, टोपलीत पोतं अंथरलं आणि स्वतःच झिंगे भरू लागला.

दोन बसगाड्या, एक काळी-पिवळी जीप आणि दोन कोस पायपीट. दुसऱ्या दिवशी दुपारी गोकुळा त्या गावच्या आठवडी बाजारात बसली होती. बाया मोहफुलं घेऊन यायच्या, ओंजळभर झिंगे घेऊन जायच्या. सगळा बाजार गोंडीत बोलत होता आणि तिला एक शब्द कळत नव्हता. एवढा जीव काढून आलो आणि सांगायचं कसं, याचा विचार गाढवासारखा आत्ता सुचतो आहे, म्हणून ती स्वतःवरच चिडली.

तेवढ्यात एक उंच बाई समोर बसली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "दोन किलो. मिशनले. तिथले झिंगे सरले, आणि फादरले दुसरं चालत नाई."

ती बुधरी. होस्टेलात भात शिजवायची.

"त्याच फादरचं सांगाले आली बाई मी," गोकुळा म्हणाली. बसमध्ये तिने सगळं जुळवून ठेवलं होतं, ते पार विसरलं. "आमच्या मिशनमधी होता तो. माह्या पोरीसंग वाईट वागला. म्हणून काढला तिथून."

बुधरी झिंग्यांतला कचरा निवडत होती. तिची बोटं थांबली.

"कवा काढला?"

"दिवाळी झाल्यावर."

बुधरीने अंगठा एकेका बोटावर ठेवत महिने मोजले. चार झाले.

"चार महिने कोणी सांगाले नाई आलं," ती म्हणाली.

"मले कोणी सांगूनच नाई राह्यलं, कुठी पाठवलं ते." हे खरंच होतं. तरी बोलताना गोकुळाला लाज वाटली.

बुधरी उठली. झिंगे तिथेच राहिले. ती तरातरा मिशनच्या आवारात शिरली, गोकुळा तिच्या मागे. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बुधरीने डावाने थाळी बडवली. जेवायची वेळ झाल्यासारख्या पोरी हातात ताटल्या घेऊन धावत आल्या. तिने त्या मोजल्या, एकोणीस भरल्या, आणि त्यांना घेऊन ती फाटकाबाहेर पडली. छोटे फादर व्हरांड्यात पेपर वाचत होता. "बुधरी, हे काय?" असं त्याने विचारलं, आणि मग त्याला गोकुळा दिसली. तो आत गेला. दाराला कडी लागल्याचा आवाज आला.

गावच्या पाटलाच्या अंगणात मोहाच्या झाडाखाली माणसं जमली. बुधरीने दोन शब्दांत कानावर घातलं, तसं पाटलाने आधी चार जणांना मिशनच्या पायरीवर बसायला धाडलं. फादरला हात लावायचा नाही आणि जाऊही द्यायचं नाही. एकाला सायकलवर ठाण्याकडे पाठवलं. मग त्याने गोकुळाकडे बघून मान हलवली.

"सांग," बुधरी म्हणाली. "मी गोंडीत सांगते."

गोकुळा बोलू लागली. तिचं एक वाक्य, मग बुधरीचं एक. रात्रीची प्रार्थना, खोली, मोठ्या फादरचं उत्तर. माणसं खाली बघत ऐकत होती. मग गोकुळा म्हणाली, "दिवाळीले पोरगी घरी आली, आणि परत जाऊन नाई राह्यली."

वाक्य एवढंसंच. बुधरी मात्र बोलतच राहिली. एवढ्याशा गोष्टीला इतका वेळ का लागतो आहे, ते गोकुळाला कळेना. ती बुधरीच्या तोंडाकडे बघत राहिली. त्या सगळ्या बोलण्यात तिला एकच शब्द कळला, स्वाती. तो दोनदा आला. पोरींमधली एक खाली बसली आणि तिने ताटली तोंडापुढे धरली.

बुधरी थांबली. मग गोकुळाकडे वळून मराठीत म्हणाली, "माझी हाये. थंडीत घरी पळून आली होती. मी काडीनं मारून परत नेऊन सोडली."

गोकुळाला रडू फुटलं. तिने ते आवरलं नाही. बुधरी रडली नाही. ती जाऊन पोरीपाशी बसली आणि तिने तिचं डोकं मांडीवर घेतलं.

मग पाटील काहीतरी म्हणाला. बुधरीने तिथूनच सांगितलं, "पाटील इचारते, तुमच्याकडं यायच्या आधी तो कुठी होता?"

कुठे गेला, हे गोकुळाने सगळ्यांना विचारलं होतं. कुठून आला, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. तीन वर्षांमागे तो जीपमधून उतरला, गावाने लेझीम खेळून त्याला हार घातला, बस.

"मालूम नाई," ती म्हणाली.

"तिथी बी पोरी असतीन," बुधरी म्हणाली.

"मोठ्या फादरले मालूम असन."

मिशनच्या पायरीवरचे चौघे ठाण्याच्या गाडीची वाट बघत तिथेच बसून राहिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत चौदा माणसं चढली. पाटील होता, बुधरी होती, आणि तिचा हात धरून खिडकीशी बसलेली स्वाती होती. कंडक्टर तिकिटं फाडत मागे आला आणि एवढी गर्दी बघून चकित झाला.

"लग्न हाये काय कोणाचं?"

"नाई," बुधरी म्हणाली. "मूल गावाकडं, हिच्या मिशनमधी जाऊन राह्यलो. एक गोष्ट इचाराची हाये."

"एवढ्या जणांनी?"

"हाओ," गोकुळा म्हणाली. "एकटीनं इचारलं त कोणी सांगत नाई."