सावलीतली जागा

रादामेसचा हात व्हर्जिल स्टॅकहाउसने घालवला. नाव आधीच सांगून टाकते, कारण मी सध्या ज्या काचेच्या कपाटात पडून आहे त्यावर त्याच माणसाचं नाव पितळेच्या अक्षरांत आहे, आणि येणारे-जाणारे ते मान हलवत कौतुकाने वाचतात.

मी स्पीड गन बोलतेय. बेसबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटला की त्याचा वेग सांगायचा, एवढंच माझं काम. जीव घेणाऱ्या बंदुकांशी माझं नातं नाही, असं मी पूर्वी मोठ्या तोऱ्यात म्हणायचे. आता म्हणत नाही.

टेक्सासमधल्या एका पत्र्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. बहिणी सगळ्या पोलिसांकडे गेल्या, मी एकटी स्टॅकहाउसकडे. तो एका मोठ्या क्लबचा निरीक्षक होता. त्या क्लबचे धाकटे संघ वेगवेगळ्या गावांत खेळत. पोरगं एकेका संघातून वर चढत गेलं तर शेवटी मोठ्या मैदानात पोचायचं. कोण चढणार आणि कोण घरी जाणार, हे स्टॅकहाउसच्या वहीत ठरायचं. तो गाडीतून गावोगाव हिंडायचा, सूर्यफुलाच्या बिया चावत, टरफलं कागदी पेल्यात थुंकत. मी शेजारच्या सीटवर. अकरा वर्षांत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हा तो काटेकोर पाळायचा. फलंदाज ज्या प्लेटपाशी उभा राहतो तिच्या बरोबर मागे तो बसायचा, चौथ्या रांगेत. कारण चेंडू सरळ माझ्या अंगावर येत असेल तरच मी खरं बोलते. बाजूला बसवलंत तर मला तो तिरका दिसतो आणि आकडा कमी पडतो. ताशी दोन मैल, कधी तीन. या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

पुढे त्याला नवी गन मिळाली आणि मला वेलबर्नच्या संघाकडे देऊन टाकलं. वेलबर्न म्हणजे आयोवातलं गाव. मका, धान्याची कोठारं आणि मैदानामागून जाणारी मालगाडी. स्टॅकहाउस पाहणीला आला की नवी गन गाडीतच ठेवायचा आणि मला मागायचा. "ही कधी खोटं बोलत नाही," म्हणायचा. मला ते ऐकून बरं वाटायचं. मूर्ख होते.

तिथली रीत अशी, की उद्या ज्याची पाळी, त्या पिचरने आज प्रेक्षकांत बसायचं आणि मला हातात धरून प्रत्येक चेंडू कागदावर उतरवायचा. असा दर पाचव्या-सहाव्या दिवशी मी रादामेस फेलिसच्या हातात यायचे. एकोणीस वर्षांचा. दोमिनिकन, दूरच्या बेटावरल्या अस्वा गावचा. लांब बोटं, कायम थंड.

त्याला इंग्रजी येत नव्हतं. क्लबने त्याला लुंडक्विस्ट नावाच्या विधवेच्या घरी ठेवलं होतं. मोठ्यांदा बोललं की इंग्रजी कळतं, असा त्या बाईंचा समज. त्या ओरडून विचारायच्या, "अजून मका?" आणि हा हसून मान डोलवायचा. भात आणि घेवडा कुठे मिळेल हे तीन महिने त्याला विचारता आलं नाही.

आकडे मात्र त्याला कळायचे, आणि मला आकड्यांखेरीज काही येतच नव्हतं. त्यामुळे आमचं जमलं. खेळ सुरू व्हायच्या आधी तो मला मालगाडीवर रोखायचा. एक्केचाळीस. रस्त्यावरच्या ट्रकवर रोखायचा. बावन्न. "काय गं म्हातारे, माझ्यापेक्षा सगळेच हळू जातात की!" असं म्हणायचा आणि एकटाच हसायचा. अख्ख्या गावात त्याच्या भाषेत थोडंफार बोलणारा एकच होता, कोल्बी. ओक्लाहोमाचा डावखुरा पिचर, तोंडाचा फटकळ.

मे महिन्यात स्टॅकहाउस आला, चौथ्या रांगेत बसला, आणि मी रादामेसचे पंच्याण्णव दाखवले. वहीत लिहिलं गेलं.

जूनमध्ये तो आला तेव्हा कानाला पट्टी होती. उन्हाने कातडी बिघडली म्हणून डॉक्टरने तेवढा भाग कापला होता. तो सरळ मैदानाच्या कडेला, तिसऱ्या तळाच्या बाजूला, छपराच्या सावलीत जाऊन बसला. डॉक्टरने टोपी घालायला सांगितली होती, जागा बदलायला नाही. पण टोपीने केस विस्कटतात, म्हणे. एकसष्ट वर्षांचं वय आणि केसांची काळजी.

त्या दिवशी मैदानात रादामेस टाकत होता, आणि स्टॅकहाउसच्या शेजारी बसून मला कोल्बीने धरलं होतं. चार चेंडूंनंतर तो चुळबुळू लागला.

"सर, इथून आकडा कमी येतो ना? आपण मागे बसू या का?"

"वय काय रे तुझं?"

"बावीस."

"मी चाळीस वर्षं पिचर बघतोय. तुझा बाप शाळेत नापास होत होता, तेव्हापासून."

"बाप पास झाला होता, सर. नापास मी झालो."

"मग गप बस आणि लिही."

कोल्बीने लिहिलं. एक्क्याण्णव, ब्याण्णव, ब्याण्णव. मला ओरडावंसं वाटत होतं. पण मला शब्द नाहीत, दोन आकडी काच आहे फक्त.

खेळ संपल्यावर स्टॅकहाउसने रादामेसला बोलावलं. "याला सांग, आळशी झालाय. ऑगस्टमध्ये मी शेवटचा येणार. पंच्याण्णव दिसले नाहीत तर माझ्या यादीत याचं नाव नसेल."

कोल्बीने सांगितलं. रादामेस म्हणाला, "मी तेवढ्याच जोरात टाकलेत, आईशप्पथ."

"माहितीय. म्हातारा सावलीत बसला होता."

"मग त्याला सांग ना!"

"सांगितलं."

"मग?"

"मग काय? वही त्याच्याकडे आहे."

कोल्बी संघाच्या मॅनेजरकडेही गेला. तोही पिकलेला. म्हणाला, "वर्षातून तीनदा येतो बिचारा. त्याला आता कोण उठवणार?" झालं. एका पोराचं आयुष्य एका बाजूला आणि एका खुर्चीची मर्जी दुसऱ्या बाजूला, आणि थोरामोठ्यांना खुर्ची जड वाटली.

रादामेसने रडगाणं गायलं नाही. त्याने बोटांवर मोजलं. सावलीतून पंच्याण्णव दिसायचे तर आपण अठ्ठ्याण्णव टाकायला हवेत. एवढंच.

मग विश्रांतीच्या दिवशीही तो मला कपाटातून काढायचा. कोठाराच्या भिंतीवर चौकोन आखलेला. कोल्बी भिंतीशी चौकोनाला खेटून उकिडवा बसायचा आणि मला सरळ रोखायचा. शहाण्णव. शहाण्णव. सत्त्याण्णव.

"बास कर, येड्या. कोपर सुजलंय तुझं."

"अजून दहा."

सूज संघाच्या डॉक्टरला दिसू नये म्हणून तो भर जुलैत पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा. रविवारी आईला फोन करायचा. तिचा पहिला प्रश्न हाताबद्दल असायचा. हा म्हणायचा, "हात छान आहे गं. तू जेवलीस का?"

ऑगस्टातला रविवार, दुपारचा खेळ. स्टॅकहाउस आला तो डोक्यावर नवी कोरी गवती टोपी घालून. चांगली रुंद काठाची. सावलीची आता गरजच नव्हती. तरी तो सावलीतच बसला, कारण तिथे बसायची सवय झाली होती.

कोल्बीने मला धरलं. दोघांची खूण ठरलेली होती. चेंडू पडला की कोल्बीने आकड्याचा शेवटचा अंक बोटांनी दाखवायचा. दोन बोटं. तीन बोटं. तीन. प्रत्येक चेंडूनंतर रादामेस मान वळवून आमच्याकडे बघायचा. कोल्बी दोन बोटं जास्त दाखवू शकला असता. पण आकडा वहीतही जायला हवा होता, आणि स्टॅकहाउसची नजर माझ्या काचेवर होती.

सहाव्या डावात रादामेसने पाय उचलला आणि असा चेंडू टाकला, की कॅचरचा हातमोजा मागे ढकलला गेला. माझ्या काचेवर पंच्याण्णव आले. कोल्बीने पाचही बोटं हवेत उंचावली.

"बघ!" स्टॅकहाउस म्हणाला. "होतं की अंगात! दम भरला की येतं." आणि त्याने मान खाली घालून लिहायला घेतलं.

तो लिहीत होता तेव्हा रादामेस मातीत बसला होता, हातमोजा बाजूला, उजवं कोपर पोटाशी धरून. तो तेव्हाही आमच्याकडेच बघत होता. कोल्बीची पाच बोटं अजून वरच होती. ती खाली घ्यायची शुद्ध त्याला राहिली नव्हती.

तो चेंडू खरा अठ्ठ्याण्णवचा होता. तसा वेलबर्नमध्ये पुन्हा कुणी टाकला नाही. त्याची नोंद कुठेही नाही.

शस्त्रक्रिया झाली. चौदा महिन्यांनी तो परत आला आणि मी, सरळ मागे बसून, चौऱ्याऐंशी दाखवले. आठवड्याने तो माझ्याशी शेवटचं बोलला. "जातो गं, म्हातारे." अस्वाला परत गेला.

पुढे स्टॅकहाउस निवृत्त झाला तेव्हा इथे, वेलबर्नच्या मैदानाच्या दारात, केक कापला गेला, भाषणं झाली. मला कपाटात ठेवून खाली पाटी लावली. त्याचं नाव आणि शब्द: 'ही कधी खोटं बोलली नाही.' बॅटऱ्या काढून घेतल्या. आता वेग छतावरचे कॅमेरे मोजतात. समोर पॉपकॉर्नची गाडी असते, पोरं काचेवर तेलकट बोटं उमटवतात आणि पळतात. हातात कुणी घेत नाही.

वर्षातून एकदा कोल्बी येतो. तो दुधाची गाडी चालवतो. काचेला कपाळ टेकतो आणि सांगतो, "फोन केला होता त्याला, म्हातारे." म्हणून मला पुढचं कळतं.

मला बाहेर काढा असं मी म्हणत नाही. ती पाटी तेवढी उतरवा.

रादामेस आता एकोणतीस वर्षांचा आहे. केळी धुतात त्या शेडमध्ये काम करतो. उजवा हात कोपरातून सरळ होत नाही. त्या हाताने त्याला शर्टाचं वरचं बटण लावता येत नाही.