शिंपल्यांच्या खालचं पाणी

वस्तीतल्या विहिरी एकामागून एक खाऱ्या झाल्या. समुद्र वर चढत होता आणि जमिनीखालूनही आत शिरत होता. गोड्या पाण्याची एकच विहीर उरली होती, तीही मचूळ लागू लागली. शेवटचं बोअर वाया गेलं, तर गाव सोडायचं ठरलं होतं.

या बोअरची जागा बोअरवाल्याच्या लेकीने दाखवली. ती भूगर्भशास्त्र शिकून आलेली. दगड गोळा करत हिंडायची, म्हणून सगळे तिला खडेबाई म्हणत. जागा किनाऱ्यापासून लांब, टेकडीच्या पायथ्याच्या उंचवट्यावर होती.

मशीन घरघरलं, आणि थोड्याच वेळात चिखलासोबत शिंपले वर आले. बोअरवाल्याचा हात आपसूक खटक्याकडे गेला. घराण्याचा नियमच होता: शिंपला दिसला की मशीन बंद, खाली खारंच असणार.

"घ्या! पोरीने टेकडीवर समुद्र शोधला!" त्याची बहीण म्हणाली.

"शोधलाच, आत्या. एके काळी लाटा इथे फुटायच्या. मग जमीन वर उचलली गेली."

"समुद्र चढतोय म्हणून आपण रडतोय, आणि ही म्हणे जमीन चढली!"

"कधी तो चढतो, कधी ही. बाबा, थांबू नका. हजारो वर्षांच्या पावसाने इथलं मीठ केव्हाच धुऊन नेलंय. वाळूखाली चिकणमाती असेल, तिने पाणी धरून ठेवलं असेल."

"असेल, असेल! अगं, म्हातारा झाला तरी शिंपला तो शिंपलाच!"

लोक हसले. शहरातल्या चाळीत राहायला जायचं म्हणून काहींनी भांडी बांधूनही ठेवली होती. खारं लागलं, तर पोरीला जन्मभर टोमणे. बापजाद्यांचा नियम मोडायचा, तोही 'असेल'वर? त्याने लेकीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण नजर पाइपावरून हलत नव्हती.

त्याने खटक्यावरचा हात काढून घेतला.

शिंपले आले, आणखी आले, मग नुसती वाळू. आणि एकदम पाणी उसळलं, आधी गढूळ, मग नितळ. बोअरवाल्याने ओंजळ भरून तोंडाला लावली. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याने घोट गिळला, पुन्हा ओंजळ भरली.

"अरे, बोल की मेल्या!" बहीण ओरडली.

"गोड आहे," तो म्हणाला.

बहीण त्याला बाजूला ढकलून स्वतः प्यायली. मग भिजल्या पदरानिशी भाचीला कवेत घेऊन ती गर्दीवर गरजली, "बघत काय उभे राहिलात? जा, भांडी सोडा आणि भरायला आणा!"