मिसेस व्हर्लिन कोझाक

“हे काय, भांडं?” जजबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“चर्चच्या जेवणावळीला न्यायचं. माझंच आहे,” आर्डिस म्हणाली.

मी कोर्टातला कारकून. पुराव्यांना नंबराची चिठ्ठी चिकटवणं माझं काम. चाकू आले, बंदुका आल्या. काचेचं भांडं पहिल्यांदाच आलं.

आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात राबून निवृत्त झालेली. व्हर्लिन कोझाकबरोबर तिनं बत्तीस वर्षं संसार केला, पण लग्न लावायचं राहूनच गेलं. आमचं नेब्रास्का राज्य असल्या संसाराला लग्न मानत नाही. नदीपलीकडचं आयोवा मानतं, आणि तिकडच्या कायद्यानं झालेलं लग्न इकडचं कोर्टही मान्य करतं. दोघांची पहिली सहा वर्षं तिकडेच गेली. पण तिथे ते चारचौघांत नवरा-बायको म्हणून राहत होते, हे आता तिला सिद्ध करायचं होतं. नाहीतर नुकत्याच वारलेल्या व्हर्लिनच्या अस्थी त्याच्या बहिणीकडे, लव्हॉनकडे जाणार होत्या.

हे भांडं आर्डिस आयोवा सोडताना चर्चमध्ये विसरली होती. तिथल्या बायकांनी सव्वीस वर्षं ते कपाटात जपलं. आमच्याकडे चर्चच्या जेवणावळीला जो तो घरून पदार्थ आणतो, म्हणून भांड्यांची अदलाबदल होऊ नये यासाठी बुडाला चिकटपट्टी लावून नाव लिहितात. त्यावर होतं : मिसेस व्हर्लिन कोझाक.

लव्हॉनचा वकील हसला. “स्वतःच स्वतःला बायको म्हणायला काय लागतं?”

“माझे हात पिठात होते. त्यानं लिहिलं.”

“म्हणे त्यानं लिहिलं!” वकील म्हणाला.

जजबाईंच्या सांगण्यावरून मी भांडं पालथं करून लव्हॉनसमोर धरलं. तिनं पट्टीवरच्या अक्षरांवर बोट ठेवलं.

“हा ‘के’ बघा. केवढं लांब शेपूट! यापायी बाबांनी त्याला किती बदडलं, तरी सुधारला नाही गाढव.”

“बाई, जपून बोला,” वकील पुटपुटला.

“मग खोटं बोलू? त्याचंच अक्षर आहे.” तिनं डोळे पुसले आणि आर्डिसकडे पाहून म्हणाली, “मला कधी सांगितलं नाही गं त्यानं.”

साक्षीदार आणखीही होते, पण मला वाटतं निकाल तिथेच लागला. अस्थी आर्डिसला मिळाल्या. मला तिच्यासाठी आनंद झाला आणि लव्हॉनकडे बघवेना.

अपिलाची मुदत संपेपर्यंत भांडं माझ्याकडे ठेवायचं होतं. आर्डिस टेबलापाशी आली.

“कपाटात धूळ बसेल ना हो?”

“बसेल थोडी. पुसून देईन की.”

“वरून पुसा,” ती म्हणाली. “बुडाला पाणी लावू नका.”